‘रिअल एल’ आणि ताडी : जिवंत पेयाची संकल्पना, विज्ञान आणि कायदा (नेरूळ परिसराच्या विशेष संदर्भात)

बीजशब्द : किण्वन, यीस्ट, रिअल एल, लघुमद्यनिर्मिती, ताडी, नीरा, बोत, अबकारी धोरण

प्रास्ताविक

गेल्या दीड-दोन दशकांत मुंबई, नवी मुंबई व पुणे या नागरी पट्ट्यात ‘क्राफ्ट बीअर’ हा शब्द रूढ झाला आहे. त्याच्या सोबतीने ‘एल’, ‘आयपीए’, ‘रिअल एल’ या संज्ञाही वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून व उपाहारगृहांच्या दरपत्रकांतून वाचावयास मिळतात. या संज्ञा बहुधा चवीचे किंवा प्रतिष्ठेचे विशेषण म्हणून वापरल्या जातात. वस्तुतः ‘रिअल एल’ या संज्ञेस नेमका तांत्रिक अर्थ आहे, तिच्यामागे एका ग्राहकचळवळीचा इतिहास आहे आणि तिच्यातील मूळ कल्पना कोकण किनाऱ्यास मुळीच परकी नाही. या तीन गोष्टींचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. मद्यपानाचा पुरस्कार वा निषेध करणे हा लेखाचा विषय नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास व विधी या चारही विषयांच्या प्राध्यापकांना आपापल्या वर्गात उपयोगी पडावे असे काही येथे मांडले आहे.

संज्ञेचा उगम

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मद्यनिर्मितीचे झपाट्याने केंद्रीकरण झाले. लहान लहान कारखाने मोठ्या कंपन्यांनी विकत घेतले आणि 1970 च्या सुमारास बहुतेक बाजारपेठ सहा कंपन्यांच्या हाती गेली. या कंपन्यांना दूरवर पाठवता येईल, आठवडेच्या आठवडे टिकेल आणि कोणत्याही अप्रशिक्षित नोकराला देता येईल असे पेय हवे होते. त्यासाठी बीअर गाळून, पाश्चरीकरण करून, धातूच्या बंद पिंपात बाहेरून कार्बन डायऑक्साइडचा दाब देऊन भरली जाऊ लागली. अशा पेयातील यीस्ट मेलेले किंवा काढून टाकलेले असते. ते पेय बदलत नाही, म्हणूनच बिघडतही नाही.

या एकसाचीपणाविरुद्ध 1971 साली चार इंग्रज मित्रांनी एक संघटना स्थापन केली. तीच पुढे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ किंवा संक्षेपाने ‘कॅम्रा’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिने केलेली व्याख्या थोडक्यात अशी : पारंपरिक घटकांपासून तयार केलेले, ज्या भांड्यातून ते पेल्यात ओतले जाते त्याच भांड्यात दुय्यम किण्वनाने मुरलेले आणि बाहेरून वायू न मिसळता दिले जाणारे पेय म्हणजे रिअल एल. या व्याख्येत चवीविषयी एकही शब्द नाही. गडद की फिका, कडू की गोड, याचा तिच्याशी संबंध नाही. पेय जिवंत आहे काय आणि त्यातील वायू त्याचा स्वतःचा आहे काय, एवढेच ती विचारते.

मराठीत ‘मुरणे’ हे क्रियापद येथे जितके चपखल बसते तितका कोणताही पारिभाषिक शब्द बसत नाही. लोणचे बरणीत मुरते, म्हणजे बरणीत भरल्यानंतरही त्यात काही घडत राहते. रिअल एलचेही तसेच आहे.

निर्मितीची प्रक्रिया

जवाच्या दाण्यात साखर नसते, पिष्ट असते, आणि यीस्टला पिष्ट खाता येत नाही. म्हणून जव भिजवून त्यास मोड आणतात. मोड येताना दाण्यात पिष्ट फोडणारी विकरे तयार होतात. पुरेसे मोड आले की दाणे वाळवून व हलके भाजून अंकुरवाढ थांबवली जाते. हेच माल्ट. आपल्याकडे लहान मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणीला मोड आणतात, तेव्हा याच रासायनिक क्रियेचा लाभ घेतला जातो. माल्ट भरडून सुमारे 65 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले असता विकरे पिष्टाचे माल्टोज व अन्य शर्करांत रूपांतर करतात. गाळून मिळणारा गोड काढा हॉप्सच्या फुलांसह तास-दीड तास उकळतात. हॉप्समधील आम्ले उकळताना रूप बदलतात, पेयाला कडवटपणा देतात आणि लॅक्टिक आम्ल निर्माण करणाऱ्या बहुतेक जीवाणूंना रोखतात.

काढा थंड करून त्यात यीस्ट मिसळले जाते. येथे एल आणि लागर यांची वाट वेगळी होते. एलचे यीस्ट साधारण 18 ते 22 अंशांवर काम करते व काही दिवसांत किण्वन पुरे करते. लागरचे यीस्ट 8 ते 12 अंशांवर सावकाश काम करते व पुढे काही आठवड्यांची थंड साठवण मागते. भारतात बाटलीतून विकली जाणारी बहुतांश बीअर लागर प्रकारची आहे.

रिअल एलचे खरे वैशिष्ट्य यानंतर सुरू होते. मुख्य किण्वन संपत आले असता थोडी साखर व थोडे यीस्ट शिल्लक ठेवून एल पिंपात भरतात. प्रचलित पिंप नऊ इंपीरिअल गॅलनचे, म्हणजे सुमारे 41 लिटरचे असते. उरलेले यीस्ट उरलेल्या साखरेवर पिंपातच काम करीत राहते आणि त्यातून निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड पेयात विरघळतो. पिंप मद्यगृहाच्या तळघरात आडवे, न हलवता ठेवले जाते. वरच्या भोकात प्रथम सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकून जादा वायू जाऊ देतात, नंतर घट्ट खुंटी ठोकून उरलेला वायू राखतात. तळघराचे तापमान 11 ते 13 अंश असावे लागते. पिंप उघडल्यावर प्रत्येक पेल्यागणिक आत हवा शिरते आणि साधारण तीन दिवसांत पेय उतरणीला लागते. तळघर सांभाळणाऱ्याचे कौशल्य हा या पेयाचा अर्धा भाग होय.

निवळण आणि कोळीवाडा

पिंपातील यीस्ट तळाशी बसल्याशिवाय पेय स्वच्छ दिसत नाही. त्यासाठी इंग्लंडमध्ये शतकानुशतके ‘आयझिंग्लास’ हे निवळक वापरले गेले. आयझिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातील वायुपिशवी वाळवून, सौम्य आम्लात विरघळवून केलेले कोलॅजेनचे द्रावण. बीअरच्या आम्लतेत कोलॅजेनचे रेणू धनभारित असतात, तर यीस्टच्या पेशी ऋणभारित. दोहोंचे पुंजके बनतात आणि खाली बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याच्या क्रियेशी या क्रियेचे साम्य उघड आहे.

आरंभी ही पिशवी रशियातील स्टर्जन माशाची असे. पुढे उष्णकटिबंधातील माशांच्या पिशव्या व्यापारात आल्या, आणि त्यांत मुंबई व कराचीहून जाणारा मालही होता. हीच पिशवी आपल्या कोळी बांधवांच्या बोलीत ‘बोत’ म्हणून ओळखली जाते. घोळ माशाच्या बोतास आजही पूर्व आशियातील बाजारपेठेत मोठी किंमत येते. ऑगस्ट 2021 मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील मच्छीमारांना मिळालेले 157 घोळ मासे सुमारे 1 कोटी 33 लाख रुपयांना विकले गेले, ही वार्ता अनेकांच्या स्मरणात असेल. ती किंमत मुख्यतः बोताची होती. ठाणे खाडीच्या काठावरील सारसोळे, करावे, दिवाळे येथील मासेमारीची परंपरा आणि लंडनच्या मद्यगृहातील स्वच्छ पेला यांच्यामध्ये असा एक धागा होता, याची नोंद आपल्या स्थानिक इतिहासलेखनात क्वचितच आढळते.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक, कोलॅजेनचे हे द्रावण उष्णता सहन करीत नाही. खोलीचे तापमान 25 अंशांपुढे गेले की त्याची निवळण्याची शक्ती नष्ट होऊ लागते. म्हणजे जो मासा आपल्या समुद्रात मिळतो, त्याचे द्रावण आपल्याच हवेत शीतगृहाविना निरुपयोगी ठरते. दुसरी, भारतात शाकाहाराचा प्रश्न केवळ वैयक्तिक आवडीचा नाही. माशाच्या अंशाने निवळलेले पेय शाकाहारी म्हणावे काय, हा प्रश्न ब्रिटनमध्येही उठला व तेथील अनेक निर्मात्यांनी निवळकाविना, किंचित गढूळ एल देणे पत्करले. रसायनाच्या दृष्टीने गढूळपणात दोष नाही. तो डोळ्यांचा आग्रह आहे.

‘इंडिया पेल एल’ : एका दंतकथेची चिकित्सा

एलचा व भारताचा संबंध सांगताना हमखास एक कथा सांगितली जाते : भारतात पोहोचेपर्यंत बीअर नासत असे, म्हणून हॉजसन नामक मद्यनिर्मात्याने अधिक हॉप्स घालून खास भारतासाठी नवे पेय शोधून काढले. कथा सुटसुटीत आहे, पण पुराव्याशी जुळत नाही. जादा हॉप्स घातलेले, दीर्घकाळ टिकणारे फिके एल इंग्लंडमध्ये आधीपासून होते. हॉजसनचा कारखाना 1752 पासून लंडनच्या पूर्वेस बो येथे, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यानजीक होता. कंपनीच्या कप्तानांना खाजगी व्यापाराची मुभा होती आणि हॉजसन त्यांना उधारीवर माल देई. त्याच्या यशात रसायनापेक्षा पतपुरवठ्याचा वाटा मोठा होता. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण आवर्जून सांगावे असे आहे. पुढे हॉजसनच्या वारसांनी बाजार मुठीत ठेवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कंपनीच्या एका संचालकाने 1822 मध्ये बर्टन गावच्या ऑलसॉपला या व्यापारात उतरण्यास सुचवले. बर्टनचे पाणी कॅल्शियम सल्फेटयुक्त असल्याने तेथील एल अधिक स्वच्छ व कडू लागे. मक्तेदारी मोडली.

मात्र दंतकथेत एक सत्य दडलेले आहे. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या चार ते सहा महिन्यांच्या प्रवासात, विषुववृत्त दोनदा ओलांडताना, पिंपातील एल मुरत असे. त्या मुरण्यात नेहमीच्या यीस्टबरोबर एका संथ यीस्टचाही हात असावा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लॉसेन यांनी 1904 साली इंग्लिश बीअरमधून ते वेगळे केले आणि त्यास ‘ब्रेटॅनोमायसीस’, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असे नाव दिले. तात्पर्य, मुंबई बंदरात उतरणारे ते पेय आजच्या व्याख्येनुसार बहुतांशी रिअल एलच होते. नंतर सुएझ कालव्याने प्रवास आखूड केला, पाश्चरचा बीअरवरील ग्रंथ 1876 मध्ये आला, हॅन्सेनने 1883 मध्ये शुद्ध यीस्टचे संवर्धन सिद्ध केले, शीतयंत्रे आली, आणि उष्ण प्रदेशांत लागरचे राज्य सुरू झाले.

देवळाली, ‘डूलॅली’ आणि लघुमद्यनिर्मिती

महाराष्ट्रातील लघुमद्यनिर्मितीचा आरंभ 2009 मध्ये पुण्यातील कॉरिंथियन्स क्लबमध्ये सुरू झालेल्या ‘डूलॅली’पासून मानला जातो. या नावाची व्युत्पत्ती आपल्या भाषेच्या अभ्यासकांना रंजक वाटेल. नाशिकजवळच्या देवळालीस ब्रिटिश सैन्याचा तळ होता. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन् महिने रिकामे बसत आणि उन्हाने, तापाने, कंटाळ्याने भ्रमिष्टासारखे वागू लागत. त्यांना ‘डूलॅली टॅप’ झाला असे म्हणत. त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’च. इंग्रजी बोलीत गेलेले देवळालीचे नाव अशा रीतीने मद्यगृहाच्या पाटीवरून महाराष्ट्रात परत आले.

त्यानंतर मुंबई-पुण्यात असे अनेक उपक्रम उभे राहिले. महाराष्ट्रातील नियमांचे एक वैशिष्ट्य असे की लघुमद्यनिर्मात्यास आपल्या जागेबाहेरील परवानाधारक उपाहारगृहांनाही पिंपातून पुरवठा करता येतो. त्यामुळे स्वतःचे मद्यगृह नसलेले छोटे कारखानेही येथे शक्य झाले. यांतील पेय सहसा पाश्चरीकरण न केलेले, म्हणजे जिवंत असते. परंतु ते दाबाच्या पिंपात, बाहेरील वायूच्या साहाय्याने दिले जाते. कॅम्राच्या काटेकोर व्याख्येने ते रिअल एल ठरत नाही. दरपत्रकावर ‘रिअल’ हे विशेषण वाचून मान डोलावण्यापूर्वी एवढे विचारण्यास हरकत नसावी की त्यातील वायू कोठून आला.

नेरूळसारख्या ठिकाणी व्याख्येबरहुकूम रिअल एल करता येईल काय? पाण्याची अडचण नाही. नवी मुंबईस मोरबे धरणाचे, सह्याद्रीच्या पावसाचे तुलनेने मृदू पाणी मिळते आणि त्यात हवे ते क्षार मिसळता येतात. खरी अडचण तापमानाची. मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर 12 अंशांची खोली बाराही महिने राखणे म्हणजे विजेचे देयक. 30 अंशांवर एलचे यीस्ट भरधाव काम करते, पण जड अल्कोहोले व उग्र वासाची एस्टरे निर्माण करते. शिवाय बसलेला साका शीव-पनवेल मार्गावरील एका फेरीत ढवळून निघेल आणि पिंप पुन्हा दिवसभर स्थिर ठेवावे लागेल. इंग्लंडच्या हवेत जे तळघर फुकट मिळते ते येथे यंत्राने विकत घ्यावे लागते. 2020 च्या टाळेबंदीत या पेयाच्या जिवंतपणाची किंमत निर्मात्यांना वेगळ्या प्रकारे कळली. न विकली गेलेली ताजी बीअर टिकणारी नव्हती आणि कित्येकांना ती ओतून द्यावी लागली.

आपले जिवंत पेय

आता व्याख्या पुन्हा समोर ठेवू : त्याच भांड्यात चालू असलेले किण्वन, बाहेरून न घातलेला वायू, गाळण व पाश्चरीकरण यांचा अभाव. कोकणातील ताडी व माडी या तिन्ही कसोट्यांना उतरतात. नव्या मुंबईची उभारणी करण्यासाठी 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, त्यापूर्वी नेरूळ, शिरवणे, दारावे, करावे, कुकशेत ही आगरी-कोळी वस्तीची गावे होती. भातखाचरे, मिठागरे, खाडी आणि बांधावरची झाडे ही त्यांची ओळख. अशा किनारपट्टीवर ताड, माड व शिंदी यांचा रस काढणे हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. माडाची न उमललेली पोय बांधून, हलकी ठोकून, तिच्या टोकास रोज पातळ काप देतात आणि खाली मडके बांधतात. झाडावर चढणे हे कष्टाचे व जिवावरचे काम आहे, हे पेयाच्या स्वस्ताईत विसरले जाते.

ताजा रस जवळपास उदासीन असतो व त्यात दहा टक्क्यांहून अधिक साखर असते. जवासारखी पिष्ट फोडण्याची गरज नसल्याने किण्वन मडक्यातच, झाडावरच सुरू होते. मडक्याच्या आतील भिंतीला चिकटलेले कालचे सूक्ष्मजीव आजचे विरजण ठरतात. काही तासांत आम्लता वाढते, अल्कोहोल सुमारे चार-पाच टक्क्यांपर्यंत जाते, पेय फसफसते. दुसऱ्या दिवसापासून ॲसिटिक जीवाणू त्याची आंबट शिरका करू लागतात. मडक्यास आतून चुन्याचा लेप दिल्यास सूक्ष्मजीव दबून राहतात व रस गोडच उतरतो. तीच नीरा. मुंबईच्या उपनगरी रेल्वे स्थानकांवरील नीरा केंद्रे पुष्कळांच्या परिचयाची आहेत.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापकांसाठी यातील सर्वांत बोधप्रद पात्र म्हणजे ‘झायमोमोनास मोबिलिस’ हा जीवाणू. तो यीस्ट नसूनही साखरेपासून अल्कोहोल बनवतो, तेही अतिशय वेगाने. मात्र त्यास ग्लुकोज, फ्रुक्टोज व सुक्रोजच चालतात, माल्टोज चालत नाही. म्हणून साध्या बीअरमध्ये तो उपाशी राहतो. परंतु मुरण्यासाठी वरून साखर घातलेल्या इंग्लिश एलच्या पिंपात तो शिरला तर कुजक्या सफरचंदासारखा वास निर्माण करून सारे पिंप वाया घालवतो. हॉप्सही त्याला रोखू शकत नाहीत, कारण त्यांचा प्रभाव मुख्यतः ग्राम-पॉझिटिव्ह जीवाणूंवर असतो व हा ग्राम-निगेटिव्ह आहे. इंग्लंडच्या तळघरातला हा चोर आपल्या मडक्यातला कामकरी आहे. बिघाड म्हणजे काय, याचे उत्तर जीवाणूवर नव्हे तर आपल्या अपेक्षेवर अवलंबून असते, हे याहून चांगल्या रीतीने शिकवणे अवघड आहे.

कायदा कोणत्या पेयाचा विचार करतो?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील अबकारी धोरणाने ताडीवर दुहेरी आघात केला. 1878 च्या अबकारी कायद्यानंतर रस काढावयाच्या प्रत्येक झाडावर कर बसला व तो वाढत गेला. त्याच वेळी नेरूळपासून खाडीपलीकडे असलेल्या उरण येथे मोहाच्या दारूच्या भट्ट्या एकवटल्या होत्या आणि तिचा पुरवठा मुंबई शहरास होत असे. सरकारच्या दृष्टीने याचे कारण सरळ आहे. गाळलेले मद्य मोजता येते, कुलुपात ठेवता येते, महिनोन् महिने टिकते. शेकडो झाडांवर पसरलेले, संध्याकाळी आंबणारे पेय मोजणे कठीण. परिणामी सौम्य पेयाकडून तीव्र पेयाकडे लोकांना ढकलले गेले. आरोग्याच्या व महसुलाच्या हिताचा विरोध इतक्या स्वच्छपणे फार थोड्या ठिकाणी दिसतो. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाचा त्यास आधार होता. 1951 च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द ठरवून मूळ कायदा कायम ठेवला. त्याच कायद्याच्या चौकटीत, दुरुस्त्यांसह, आज महाराष्ट्रातील बीअर, ताडी व लघुमद्यनिर्मिती या सर्वांचे नियमन होते.

केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यपेयांविषयीचे विनियम 2018 मध्ये तयार होऊन 1 एप्रिल 2019 पासून अमलात आले, तेव्हा त्यातील यीस्टच्या मर्यादेस लहान बीअरनिर्मात्यांनी हरकत घेतली. गाळलेल्या बीअरमध्ये यीस्ट आढळणे हा दोष असेल, पण जिवंत बीअरमध्ये ते आढळणे हा तिचा धर्म आहे, असा तो युक्तिवाद होता. त्यांना बोलता आले, कारण त्यांच्याकडे सल्लागार होते व वृत्तपत्रांत जागा होती.

ताडीच्या बाजूने असे बोलणारे कोणी नाही. झाडे कमी होत गेली, चढणारे हात कमी झाले, मागणी मात्र राहिली. ती पोकळी भेसळीने भरली. पाण्यात क्लोरल हायड्रेटसारखी गुंगी आणणारी द्रव्ये, सॅकरीन व पांढरा रंग मिसळून ‘ताडी’ म्हणून विकल्याची प्रकरणे महाराष्ट्र व तेलंगणात वारंवार उघडकीस आली आहेत. अशा पेयाची सवय लागलेल्या व्यक्तीस ते अचानक बंद झाल्यावर झटके, भ्रम अशी लक्षणे दिसतात, व रुग्णालयात ती दारूचीच समजली जाण्याचा संभव असतो. विक्रीच्या जागी खरी ताडी ओळखण्याची काही साधी साधने आहेत. खऱ्या ताडीची आम्लता तासागणिक वाढते, तिच्यातून वायू निघत राहतो, सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट व जीवाणू दिसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिला शिरक्याचा वास येतो. क्लोरल हायड्रेटच्या मिश्रणात यांपैकी काहीच धड घडत नाही. त्यातील मूळ द्रव्य ओळखण्यास फुजिवारा चाचणी उपलब्ध आहे, ती पिरिडीनमुळे वायुवीजन असलेल्या कक्षातच करावी लागते.

पदवी स्तरावरील प्रयोगशाळेत यांतील पहिला भाग सहज करता येतो. परवानाधारक केंद्रातून घेतलेली नीरा बर्फात आणावी, तिचे दोन भाग करावेत, एक थंड ठेवावा व दुसऱ्याची आम्लता दर तासाला मोजून आलेख काढावा. दुसऱ्या भागात अल्कोहोल निर्माण होऊ लागताच कायद्याच्या दृष्टीने ती नीरा राहत नाही. म्हणून प्रयोगापूर्वी प्राचार्यांमार्फत राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे लेखी विचारणा करावी आणि प्रयोगानंतर नमुना उकळून नष्ट केल्याची नोंद वहीत ठेवावी.